निंबूच्या काट्यांचं कुंपण

अड्याळ, १८ मे १९७९

चि. खुशालले ताईचे अनेक आशीर्वाद.
आईनं लग्नात मले आंदण दिलेल्या निंबूच्या झाडाले रोग लागला. पानं, फांद्या, निंबू, सारे खरबरीत तपकिरी फोडांनी भरले. तुहे भाऊजी म्हणतात, पोळ्यापर्यंत सुधरलं नाही तं तोडून गोठा वाढवतो. आईचं एवढंच राहिलं रे माह्याजवळ. तू कारखान्यात चार लोकांत राहतो, कोणाले विचार.
जीव लावतो तसाच लावत जा.
तुही ताई कौशल्या

वरठी, २७ मे १९७९

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.
माह्या पाळीतल्या परसरामची निंबूची बाग आहे. तो म्हणे, हा खैऱ्या रोग. पाऊस लागायच्या आधी फोडवाल्या फांद्या छाटायच्या, जाळायच्या, अन् मोरचूद-चुन्याचं पाणी मडक्यात कालवून फवारायचं. भाऊजींची पांढरी बंडी दूर ठेवजो, नाही तं झाड सुधरेल अन् संसार बिघडेल.
माया असू दे.
तुहा खुशाल

अड्याळ, ९ ऑगस्ट १९७९

चि. खुशालले आशीर्वाद.
परसरामले म्हण, तू नोकरीच कर. फांद्या छाटल्या, दोनदा फवारलं, बंडीही निळी झाली, तरी नव्या पानांवर फोड आहेतच. शेजारच्या शकुनबाईच्या झाडालेही लागले, अन् ती माह्यावरच आळ घेऊन राहिली. पोळा आला तोंडावर, मले घास गोड लागत नाही.
झाडाखाली लावलेले वांगे मात्र यंदा झकास आहेत. त्यांले छाटलेल्या काट्यांचं कुंपण घातलं, बकरी फिरकत नाही. उरलेले काटे शकुनबाईले दिले. एवढे चांगले काटे कोण जाळते?
राग धरू नको.
कौशल्या

वरठी, १४ ऑगस्ट १९७९

ती. सौ. ताईस, शि. सा. न.
तुह्या पाया पडतो, ते कुंपण आधी जाळ. रोग त्या काट्यांतच बसला आहे, पावसाच्या पाण्यासंगं उडून झाडावर जाऊन राहिला. शकुनबाईच्या झाडालेही तूच पोहोचवला. भाऊजींना येत्या उन्हाळ्यापर्यंत थांबा म्हणून वेगळं लिहिलं आहे. वांग्याचा मोह सोड.
तुहा खुशाल

अड्याळ, २ जून १९८०

चि. खुशालले अनेक आशीर्वाद.
काटे ओले होते, राकेल टाकून जाळले. वांगे बकऱ्यांनी खाल्ले. शकुनबाईचे काटे मागायले गेली तं ती म्हणे, दिलेलं परत नेणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. काटे दिले, पण बोलणं टाकलं; तिच्या झाडाले साफ पानं आली तवा कुठं बोलली.
काल आपल्या झाडाचं पहिलं साफ निंबू उतरलं. मले रडूच आलं. आईच्या नावानं देवापुढं ठेवीन म्हटलं, तं तुह्या भाऊजींनी ते वरणावर पिळलं अन् दुसरं मागितलं. मी विचारलं, गोठा कधी वाढवता? ते म्हणाले, भात थंडा होऊन राहिला, निंबू आण.
येऊन जा एकदा, जेवायलेच ये.
तुही ताई कौशल्या