वर्षभराचं काम

४ ऑगस्ट

नोकरी मिळाली. मला! शेहेचाळिसाव्या वर्षी. खोके छापणारा मोठा कारखाना आहे, इथून सहा तासांवर. एक सप्टेंबरला हजर व्हायचंय. कामांची आखणी आणि खर्चाचे अंदाज — म्हणजे इथे प्रेसमध्ये करते तेच. फक्त तिथला मालक माझा भाऊ नाही.

दादाला उद्या सांगते.

५ ऑगस्ट

नाही सांगितलं. सकाळी शटर वर जाण्याआधीच हॉटेलवाला दारात — मेनूकार्डं आजच पाहिजेत आणि दोन भाव बदललेत. मशीनवाले काका म्हणाले, प्लेट चढवलीय, आता देव आला तरी बदलणार नाही. तिकडे कटिंगला शाळेच्या वह्या अडकलेल्या. हॉटेलवाल्याला चहा पाजला, काकांना गोंजारलं, वह्या संध्याकाळवर ढकलल्या. सगळं मार्गी लागेपर्यंत दिवस गेला.

शटर ओढताना दादा म्हणाला, "बारके, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?"

हे तो कौतुकानं म्हणतो. मला मात्र ऐकून घुसमटायला होतं.

८ ऑगस्ट

सांगता का येत नाही? एक वाक्य आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करणारी बाई मी, कुणाच्या बापाला भीत नाही, आणि सख्ख्या भावासमोर तोंडाला कुलूप.

लग्न मोडून आले तेव्हा दादानं एका अक्षरानं विचारलं नाही. प्रेसच्या वरची खोली स्वतः झाडली, खाली टेबल दिलं, म्हणाला, "बस इथे, कागदाचे हिशेब शीक." चौदा वर्षं झाली. उपकार त्यानं कधी बोलून दाखवले नाहीत. ते काम वहिनी करते, आणि मन लावून करते.

जिना उतरला की टेबल, टेबलावरून उठलं की जिना. मशीन सुरू झालं की वरची फरशी थरथरते. रविवारी थरथरत नाही, तर मला करमत नाही. याचीच मला जास्त भीती वाटते.

११ ऑगस्ट

आता हे काय नवीन! सात शाखांचं हॉस्पिटल, त्यांची वर्षभराची छपाई — केसपेपर, फायली, रिपोर्टची पाकिटं, सगळं. पाच प्रेसकडून दर मागवलेत, त्यात आपण. दादा लहान मुलासारखा हरखलाय. "हे मिळालं तर बारके, बारा महिने डोकं वर काढायचं नाही."

बारा महिने. हे काम आलं की मी गेलेच म्हणून समजा — म्हणजे, कुठेच गेले नाही.

१२ ऑगस्ट

करून टाकलं.

कागद एक पायरी वरचा धरला. वाया जाणारा कागद दुप्पट लावला. नंबर टाकण्याचे पैसे वेगळे, सातही शाखांना पोचवण्याचा खर्च वेगवेगळा. बघताक्षणी कुणीही केराच्या टोपलीत टाकेल असं कोटेशन. दादाच्या टेबलावर ठेवलं. सही करून पाठवायचं काम त्याचं. आकडे तो वाचत नाही, माझ्यावर सोडतो.

काम गेलं की सांगणार. काम नाही, घाई नाही, तेव्हा सांगणं सोपं जाईल.

वाईट वाटतंय. पण हलकंही वाटतंय.

१७ ऑगस्ट

काम मिळालं!!

घासाघीस नाही, फोन नाही, काही नाही. सरळ ऑर्डर. दादानं सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. काका मला म्हणाले, "ताई, तुमचा हात लागला की आकडा बसतोच." वहिनीसुद्धा हसून बोलली, म्हणजे बघा.

एवढ्या चढ्या भावाला हो म्हणणारी माणसं जगात आहेत? मी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलाय. आइस्क्रीम वितळेपर्यंत वाटी हातात धरून बसले होते.

१८ ऑगस्ट

कारखान्याला "येऊ शकत नाही" असं कळवायला फोन हातात घेतला. ठेवला. परत घेतला. ठेवला.

२१ ऑगस्ट

प्रूफं दाखवायला हॉस्पिटलात गेले. खरेदी बघणाऱ्या बाई भल्या आहेत, माझं नाव ऐकून आहेत. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ताई, खरं सांगा, एवढ्या कमी दरात परवडतं कसं तुम्हाला?"

मला वाटलं टोमणा आहे.

"पाचांत तुमचा दर सगळ्यात खाली. आमच्या साहेबांना शंकाच आली होती. मी म्हटलं, ताईंनी काढलाय, विचार करूनच काढला असेल."

आणि दर सांगितला. माझा नव्हे तो. निम्म्याच्या आसपास. त्यात कागद आणि मजुरीसुद्धा सुटत नाही. वर्षभर प्रत्येक फायलीमागे आपल्याच खिशातून घालायचे. मी हसले. काय करणार? रस्ताभर तोट्याचा हिशेब करत आले.

२२ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाल्यावर विचारलं. "दर कुणी बदलला?"

दादा चष्मा पुसत बसला. पुसून झाला तरी पुसत होता.

"मी. एका बोटानं टाइप केलं. अख्खी दुपार गेली."

"कशाला?"

"तुझा आकडा वाचला. तू एवढी चुकत नाहीस. म्हणजे मुद्दाम केलेलं." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "त्या खोकेवाल्यांचा फोन आला होता. तू बाइंडरकडे गेली होतीस, फोन इथेच राहिला. म्हणाले, ताई एक तारखेला येताहेत ना?"

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. आइस्क्रीम खातानाही माहीत होतं!

"अरे पण तोटा किती आहे, कळतंय का तुला?"

"कळतंय. काम नसतं तर गेली असतीस."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा दादावर ओरडले. मला कोंडायला प्रेस बुडवायला निघालास का, म्हटलं. त्याचा आवाज काही चढला नाही. "मग मला सांगायचंस ना, बारके."

"जाऊ दिलं असतंस?"

त्यानं खरोखर विचार केला. "नाही," म्हणाला.

मशीन सुरू झालं. दोघंही कामाला लागलो. मला त्याचा राग येतो आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटतं, पण तेही केलं नाही.

२४ ऑगस्ट

सकाळी दादाच्या समोर बसूनच हॉस्पिटलच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, दर चुकलाय, या भावात होणार नाही. आधीचा फुगवलेला नव्हे, खरा दर सांगितला. वाटलं, काम गेलं. बाई म्हणाल्या, "चालेल. साहेबांना मी सांगते. फक्त वर्षभर सगळं तुम्हीच बघायचं, एवढी अट."

दादानं मान वर केली.

"मी इथे नसेन," म्हटलं. "एक तारखेपासून दुसरीकडे जातेय. दादा बघेल. त्याच्याकडूनच शिकले मी."

बाई विचार करून कळवते म्हणाल्या. फोन ठेवला. दादाकडे बघवेना. तो उठला, कोरा पॅड घेऊन माझ्या टेबलापाशी स्टूल ओढून बसला. पेन उघडलं.

"बरं," म्हणाला, "पहिल्यांदा काय धरतेस? कागद?"