गळाची तालीम

२ फेब्रुवारी
लाँच ठरली. रविवार, चोवीस तारीख, सकाळी सात ते अकरा. लाँचवाल्याला फोनवर सगळं विचारून घेतलं. छत आहे. कठडा कमरेइतका उंच आहे. गादीची, हात टेकायची खुर्ची आहे, फळ्यांना ठोकलेली. संडास आहे — दोनदा विचारलं. "अहो ताई, चार तास गळ टाकायला चाललाय, संसार थाटायला नाही."

बाबांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "याला विचारलंस का?"

३ फेब्रुवारी
सप्टेंबर लागताच बाबांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून उजवा हात हलतो, पण त्याला काही कळत नाही. गरम कप कळत नाही, टाचणी कळत नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात. व्यायामाच्या बाई म्हणतात, परत यायचं ते सहा महिन्यांत येतं. पुढचं सांगता येत नाही. महिनाअखेरीला सहा भरतील.

लाँच त्यासाठीच. तरुणपणी दर रविवारी ते धक्क्यावर बसायचे, गळाची दोरी तर्जनीवर घेऊन. "मासा डोळ्यांना दिसत नाही, ठमे. बोटाला कळतो." हजारदा ऐकलंय.

५ फेब्रुवारी
तालीम सुरू. बाबा बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून. दोरी त्यांच्या उजव्या तर्जनीला गुंडाळली, खांद्यावरून मागे माझ्यापर्यंत आणली. मी हळूच ओढायचं, मासा लागल्यासारखं. कळलं की त्यांनी सांगायचं.

दहात शून्य.

"समुद्र रिकामा आहे आज."

९ फेब्रुवारी
दहात तीन!

१३ फेब्रुवारी
दहात आठ. हातातल्या सुरीसकट बाहेर धावले. "मासा कापायला आलीस की मला?"

दादाला फोन केला. "उगाच आशा लावून बसू नकोस," म्हणाला. त्याचं आपलं नेहमीचंच.

१५ फेब्रुवारी
समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पुसायला उतरवलं. तासभर ओट्यावर पडून होतं. तेवढ्यात तालीम उरकली. दहात शून्य.

"दमलोय जरा."

दुपारी ते आत झोपले. घड्याळ परत लावलं आणि त्यांच्या खुर्चीत टेकले. समोर घड्याळाची काच. काचेत स्वयंपाकघराचं दार. मी ओढायला उभी राहते तिथे कोपर बरोबर दिसत असणार.



१६ फेब्रुवारी
दहात नऊ. मी कोपर नीट हलवलं, दिसेल असं. "वा, बाबा." आवाज जरा जास्तच आनंदी निघाला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

१८ फेब्रुवारी
लाँच रद्द करावी का? तिथे काच नसेल. चार लोकांसमोर दोरी हातात घेऊन बसतील आणि काहीच कळणार नाही. मीच हौसेने नेऊन बसवणार.

लाँचवाल्याला फोन लावला. त्याने उचलल्यावर भलतंच विचारलं — चहा मिळतो का. "मिळतो. बिस्किटंही देतो. आता या बाई एकदा."

२३ फेब्रुवारी
पिशवी भरली. उशी, टोपी, त्यांच्या गोळ्या, सुकी लुंगी. उलटीची औषधं — माझी. मला पाण्याची भीती वाटते हे या गडबडीत कुणाच्या लक्षात नाही. माझ्याही नव्हतं.

बाबांच्या होतं. संध्याकाळी म्हणाले, "उद्या माझ्या उजव्या बाजूला बस. गळ मी डाव्या हाताने धरीन. उजवा तुला. धरून बसायला तो चालेल."

मी पिशवीची चेन लावत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तिथे भिंतीवर घड्याळ नसणार ना."

"नाही, बाबा."

"बरं झालं. मान दुखायला लागली होती."

दोघंही हसलो. मग मी आत जाऊन तोंड धुतलं.

२४ फेब्रुवारी
डाव्या हाताने तीन मासे. चहा फार गोड. दहाच्या सुमारास मोठी लाट आली, लाँच एका अंगावर गेली. मी डोळे मिटून त्यांचा उजवा हात गच्च आवळला. डोळे उघडले तेव्हा ते पलीकडे वाकून पाण्यातल्या दोरीकडे बघत होते. वळले नाहीत.

"नखं कापत जा गं, ठमे. टोचतात."