पाचवा अंक पडवीत नको

सोमवार, १६ नोव्हेंबर १९३१

आज शाळेत माझ्यावर घोर अन्याय झाला. भागोजी शिपायाने दिवाळीच्या सुटीत माझ्या खुर्चीच्या सांध्यांना तेल घातलं! बावीस वर्षं मी उठायच्या बेतात आलो की ती करकरायची आणि मागच्या बाकावरच्या चिंचा खिशात जायच्या. आता मी उठतो तेव्हा शत्रू बेसावध. हे काय धर्मयुद्ध झालं? भागोजीला बोललो तर म्हणतो, "मास्तर, पोरं धरायला बरं!" याला युद्धनीती कोण शिकवणार?

दुसरी बातमी किरकोळ. जोगळेकर मास्तर हिवतापाने आडवे, आणि मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी नाटक शिकवणं माझ्या गळ्यात. हेडमास्तर म्हणाले, "नाटक ते नाटक. तुमचं संस्कृत, हे इंग्रजी. फरक काय?" फरक एवढाच, की आमच्याकडे शेवटी सगळे एकमेकांना भेटतात आणि जगाचं भलं मागतात. या तीनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाकडे शेवटी मढी उचलायला माणसं पुरत नाहीत.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

पहिला तास. रंगभूमीवर मरण दाखवू नये असं आमचं शास्त्र, हे सांगून सुरुवात केली. साहेबाला हे शास्त्र कोणी कळवलं नसावं. मग गोष्ट सांगितली — एक राजा. त्याचा मुलगा गादी नको म्हणतो आणि गलबत घेऊन समुद्रपार जातो. बाप म्हणतो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. चार अंक दोघेही मानी. पाचव्या अंकात गलबत परत येतं आणि मुलाला फळीवर घालून दरबारात आणतात.

विचारलं, "शोकपर्यवसायी नाटक म्हणजे काय?" तासभर पुरेल एवढं उत्तर मी पाठ करून आलो होतो. दादू शेट्ये उठला, "सर, ज्यात चूक उशिरा कळते ते." बसला. वाण्याचा पोर! उरलेला तास मी काय करू?

टपाल नाही. दिगूचं शेवटचं पत्र गणपतीत आलं, मोंबाशाहून. पंधरवड्याला पत्र टाकणारा मुलगा. ही म्हणते, बोट कुठे अडकली असेल. असेल.

तीन वर्षांपूर्वी संस्कृत सोडून चिरंजीव बोटीवर कारकून झाले. तेव्हा मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. साहेबाने पहिल्या अंकात लिहूनच ठेवलं आहे. पत्रं येतात ती आईच्या नावे, उत्तरंही तीच लिहिते. खाली एक ओळ घालावी म्हणून कागद माझ्यापुढे सरकवते. मी म्हणतो, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर असतो.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

अकरा मुलं, नाटकाच्या प्रती तीन! म्हणून संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमून मोठ्याने वाचा असं ठरवून दिलं. पहिला मान मासेमारांच्या मिरकरवाड्यातल्या केरूच्या घराला. आज मधल्या सुटीत केरूची आई मथुरा थेट वर्गाच्या दारात. डोक्यावर टोपली, कमरेला हात.

"मास्तर, घरधनी माजा बोटीवर. न् तुमी माज्या घरात बुडालेल्या पोराचं मढं आनताव?"

म्हटलं, बाई, तो इंग्रज आहे आणि मरून तीनशे वर्षं झाली.

"मंग आता कशाला काडताव त्याला?"

केरू खाली मान घालून हसत होता. जाताना मात्र सांगून गेली — असला पाठ असेल तर केरूचं नाव काढते शाळेतून, जाळ्यावर बसवते. वर्गातला सर्वांत हुशार पोर! दुसरं घर शोधलं. तिथला काका बोटीवर. तिसऱ्याचा भाऊ. या गावात ज्याचं कोणी पाण्यावर नाही असं घर मिळणं कठीण!

शेवटी मीच म्हटलं, माझ्या पडवीत वाचा. आमच्याकडे असलं काही नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

पडवीत अकरा मुलं आणि दाराआड ही. तांदूळ निवडत होती म्हणे. तीन तास तेच सूप! मी मराठीत अर्थ सांगायला लागलो की निवडणं थांबायचं. रात्री वाढताना म्हणाली, "त्या राजाला राणी नाही का हो?"

"मेली. पहिल्या अंकाच्या आधीच."

"तरीच!"

वाटीत तूप जास्त पडलं. निंदा की दया, कळलं नाही.

बुधवार, २५ नोव्हेंबर

चौथा अंक संपला. केरू राजाचं भाषण असं वाचतो की भिंतीवरची पाल थबकते. मुलगा सुखरूप आहे असा निरोप येतो, पण राजा निरोप्याला दाराबाहेरच उभा ठेवतो. मानाचा प्रश्न! केरूने पुस्तक मिटलं. "सर, ह्याला कानाखाली द्यायला हवी." मी म्हटलं, राजा आहे तो. "म्हणून तर कोणी दिली नाही, सर."

मुलांना नाटक शिकवायचं राहिलं बाजूला, तीच मला शिकवताहेत.

टपाल नाही. पोस्टमन आता आमच्या घरावरून मान खाली घालून जातो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

शनिवार, २८ नोव्हेंबर

उद्या पाचवा अंक. घसा बसल्यासारखा वाटतो.

रविवार, २९ नोव्हेंबर

मुलं आली. घसा दुखतो म्हणालो. केरू म्हणाला, "आम्हीच वाचतो, सर. तुम्ही नुसते बसा." तेव्हा शास्त्र काढलं — ब्राह्मणाच्या पडवीत प्रेताचा प्रवेश बरा नव्हे, भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत जाऊन वाचा. दादू माझ्याकडे बघतच राहिला. बरोबर आहे, गेल्या आठवड्यात याच पडवीवरून मी मिरकरवाड्यासमोर मिरवलं होतं.

मुलं गेल्यावर ही म्हणाली, "घसा तर खणखणीत आहे. मी काही नको म्हटलं नव्हतं हो." सूप घेऊन आत गेली.

सोमवार, ३० नोव्हेंबर

काल वाळूत गंमत झाली! मुलं वाचायला बसली, तोच होड्या लावून आलेली माणसं भोवती जमली. "काय रं वाचताव?" मग केरूने इंग्रजी सोडलं आणि अख्खा अंक त्यांच्या बोलीत सांगितला. फळी आणली तेव्हा दोन म्हातारे उठून उभे राहिले म्हणे. आणि मागे टोपलीवर बसून मथुरा ऐकत होती! घराबाहेर तिची हरकत नव्हती. आज शाळेवरून जाताना थांबली. "बरा हाय तुमचा साह्यब. पोराला शिकवा." केरू राहिला!

हेडमास्तर खूश. भागोजी खूश. मीही असायला हवं.

केरूने एक सांगितलं. गोष्ट संपल्यावर होडीच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने फक्त एवढंच विचारलं — "बापाने आदीच का नाय बोलावला त्येला?"

वर्गात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मंगळवार, १ डिसेंबर

सकाळी बोटीच्या कंपनीला पत्र टाकलं. दिगूलाही एक टाकलं. तीन वर्षांतलं माझं पहिलं. पत्ता जुनाच.

रविवारी घसा दुखत नव्हता. शास्त्रही नव्हतं. मला भीती वाटते आहे. तो माझ्यावर रागावून लिहीत नसेल तर चालेल. आईवरही रागावला असेल तर चालेल. जन्मभर रागावलेला राहू दे. पण असू दे.