काळजाची कणी

सदर, नागपूर
४ सप्टेंबर १९८५

चि. चंद्रभानास ताईचे अनेक आशीर्वाद.

नऊ वर्षांचा होतास. मोसंबीच्या झाडावरून पडलास, मनगट लोंबत होतं, आणि बाबांना म्हणालास, "मले काहीच नाही झालं, काहून पाहून राहिले?" तुझं कालचं पत्र तेच म्हणतं. दुसऱ्याचं हृदय बसवून दीड वर्ष झालं, दोन जिने चढतोस, म्हणून मानेच्या शिरेतून चिमटा घालून हृदयाची कणी काढतात ती तपासणी या खेपेस चुकवलीस! वर लिहितोस, डॉक्टरांना कण्या जमवायचा छंद आहे. मला हसू आलं नाही. शरीर परक्या हृदयावर उठलं तर आधी त्या कणीत दिसतं, माणसाला कळतही नाही, हे तूच मला समजावलंस ना? कधी जातोस ते उलट टपाली कळव.

वाट पाहणारी,
प्रेमलताताई

सॅन होजे, अमेरिका
१९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

रागावू नको वं ताई. कणीत काही निघालं तर हे लोक मला महिनाभर अडकवतील. मग गोपिकेच्या मागं अंतरपाटाशी मामा म्हणून कोण उभं राहील? माझ्या रजेप्रमाणे तारीख तूच धरलीस. लग्न लावून परत आलो की लगेच कणी देतो. भाऊजींना सांग, मी ठणठणीत आहे.

तुझा,
चंद्रभान

सदर, नागपूर
२ ऑक्टोबर

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

तारीख मीच धरली, चूक माझी. तपासणी कधी असते, हे विचारायचं सुचलंच नाही. पण इथं तुला काही झालं तर? यांनी गावातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ही तपासणी फक्त पुस्तकात वाचली आहे म्हणे. नरखेडच्या आपल्या मोसंबीच्या बागेचा सौदा ठरताना व्यापाऱ्याला फळ कापायला सुरी तूच पुढे करायचास. मग स्वतःचं मात्र वरून पाहून कसं भागतं रे तुझं?

गोपिकेला सांगितलं. मामा नसेल तर बोहल्यावर चढणार नाही म्हणते. तुझीच भाची! तिला मी रागावले, मग दोघीही रडलो. तुझ्या जागी चुलतभाऊ चंपतराव उभा राहील. तो नवरीच्या खांद्याला लागतो, लोक हसतील, तर हसोत.

सहा वर्षं प्रत्येक पत्रात ये, ये लिहिलं. तू ऐकायचा नाहीस, हे लिहितानाच ठाऊक आहे. तरी यंदा शेवटी नेहमीचं 'लोभ असावा' लिहीत नाही, एवढंच मागते: तिकीट परत कर, दवाखान्यात जा. लग्नाला येऊ नकोस.

ताई