सतरा क्रमांकाचा डोळा

३ मार्च

चि. खारूस काकाचे अनेक आशीर्वाद.

सासूबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? जावईबापूंचा खोकला गेला, की औषधाची बाटली दिसली की तेच पळतात? धाकटीचा दात पडला की नुसताच डुलतोय? तू वेळेवर जेवतेस का, हे शेवटी विचारतोय, कारण उत्तर खोटं येणार हे ठाऊक आहे. इकडे काकूची कंबर आणि जीभ, दोन्हींना विसावा नाही.

आता माझ्या डाव्या डोळ्याचं. तू पत्रक धाडलंस म्हणून तुमच्या प्रयोगशाळेच्या नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातलं. डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत बसवून घेतलं. चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले, प्रत्येक अक्षराला पेटीत आपला खण. तसेच खण डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांवर असतात, त्यांना तुम्ही रिसेप्टर म्हणता. ‘वाढा’ असा निरोप आणणारं प्रथिन त्यात बसलं की नको तिथं नळ्या फुटतात, गळतात, पडदा फुगतो. तुमच्या औषधात तसलेच खण मोकळे सोडलेत. निरोप्या वाटेतच त्यात अडकतो, घरी पोचतच नाही. ज्यानं हे शोधलं त्याला माझा नमस्कार सांग.

आणि गुण म्हणशील तर, परवा तक्त्याची खालून दुसरी ओळ वाचली! तक्तेवाल्या बाई टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. वाचन सुधारत गेलं म्हणून डोळ्यातली महिन्याची सुई केव्हाच तीन महिन्यांवर गेली. हे पत्रसुद्धा उजवा डोळा झाकून लिहितोय, बघ.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा काका


१९ मार्च

ती. काकांस आणि काकूस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सगळ्यांनी मिळून वाचलं. दात पडला, धाकटीनं तो काडेपेटीत ठेवलाय. गुडघा बरा. खोकला आहे तिथंच. जेवते, शपथ नाही घेत. अक्षर मात्र तुमचं उतरणीला लागलंय. घाईत लिहिलंत ना?

आमच्याकडे मोठी गडबड उडालीय. रुग्णांची नावं आम्हाला कळत नाहीत, नुसते क्रमांक येतात. त्यात एक सतरा क्रमांक आहे. सहा महिन्यांनी काढलेल्या फोटोत त्याचा पडदा पाण्यानं टम्म फुगलाय, आणि वाचन मात्र एखाद्या तरण्या पोरासारखं. कशाचा कशाला मेळ नाही. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की आपलं औषध रक्तवाहिन्यांखेरीज पडद्याच्या चेतापेशींवरच्या कुठल्यातरी रिसेप्टरवरही काम करत असणार, म्हणून पाणी असूनही दिसतं. तो रिसेप्टर हुडकायचं काम त्यांनी मला दिलंय, काका! शिवाय सतरावरून धडा घेऊन पुढच्या चाळीस रुग्णांना पहिल्यापासून तीन महिन्यांनीच सुई द्यावी, असा प्रस्ताव आहे. पंधरा एप्रिलला बैठक.

मला अक्षरं तुम्ही शिशाच्या खिळ्यांवरून शिकवलीत, उलटी. म्हणून पहिली बातमी तुम्हाला.

काकूला सांगा, कंबर शेकायला विसरायचं नाही. तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची खारू


२७ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

आज कुणाची प्रकृती विचारत नाही. तेवढं तोंड उरलेलं नाही.

माझ्या कार्डावर सतरा आकडा आहे.

तो तक्ता मी वाचलाच नाही पोरी, पाठ म्हटला. खोलीत शिरताना उजव्या डोळ्यानं टिपून घ्यायचो. छापखान्यात कागदावर एकदा नजर टाकली की अख्खी ओळ बोटांत उतरायची, दुसऱ्यांदा मान वळवायची नाही. बाई उजवा डोळा झाकायच्या तोवर माझी जुळणी झालेली असायची. त्यांनी तीनदा तक्ता बदलला. तीनदा तेच.

सुरुवात एका अक्षरानं झाली. बाईंनी हे दिसतं का म्हणून विचारलं, आणि माझ्या मनात आलं, नाही म्हणालो तर माझ्या खारूचं औषध नापास. तुझ्या शाळेत निकाल आणायला मीच जायचो. तुझा निकाल माझ्या हातात, असं पहिल्यांदाच झालं आणि मी दिसतं म्हणून टाकलं. मग बाई खूश व्हायला लागल्या, डॉक्टर पाठ थोपटायला लागले, काकू शेजारी सांगत सुटली. एकदा चढलो ते उतरता येईना.

खरं सांगायचं तर डाव्या डोळ्यात मधोमध राखाडी डाग आहे. काकूचे केस दिसतात, कान दिसतात, चेहरा नाही. मागचं पत्र खरंच उजवा झाकून लिहिलं होतं. बोटांना सवय आहे, डोळ्यावाचून जमेल असं वाटलं. दुसऱ्याला फसवून झालं की माणूस स्वतःकडे वळतो.

माझा डोळा गेला तर माझ्या करणीनं जाईल. पण त्या चाळीस जणांनी माझं काय घोडं मारलंय? त्यांच्या घरीही काकवा असतील. छापखान्यात चूक राहिली की आम्ही शुद्धिपत्र छापायचो. हे पत्र तेच समज आणि जसंच्या तसं साहेबांना दाखव. माझ्या अब्रूचा विचार करू नकोस. मी उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोय.

माया ठेव असं म्हणायला जीभ रेटत नाही.

काका


९ एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दारातच, उभ्यानं वाचलं. दोन दिवस मनातल्या मनात तुमच्याशी कडाकडा भांडले. तिसऱ्या दिवशी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग सतरा क्रमांकाच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. प्रस्ताव मागे घेतलाय. चाळिसांना दर महिन्याला सुई मिळेल. माझा रिसेप्टर कुठं नव्हताच, तो शोध संपला. काका चाचणीत आहे हे मी आधीच का सांगितलं नाही, याचा जबाब मला चाचणीच्या समितीपुढे द्यायचाय. तो देईन.

पण एक जबाब तुम्हाला द्यायचा आहे. तुमचं अक्षर मी जन्मापासून ओळखते. पट्टीनं आखल्यासारखं. त्या पत्रात ‘वाढा’ या शब्दावर खालची ओळ चढली होती. फुगलेला पडदा कसं लिहितो, हे मला नाही कळणार तर कुणाला? मला कळलं होतं, काका. तरी घाईत लिहिलंत ना म्हणून विचारलं, कारण तेवढंच उत्तर मला हवं होतं. तेव्हाच तुम्हाला घेऊन डॉक्टरांकडे गेले असते तर दोन-तीन आठवडे आधी सुई लागली असती.

औषध खोटं नाही. दर महिन्याला सुई घेतली त्यातल्या बहुतेकांचे पडदे सुकलेत. तुमचाही कदाचित सुकला असता. हे लिहू नये असं वाटत होतं, पण आता आपण दोघांनी एकमेकांपासून काही झाकायचं नाही.

रागावले आहे. तरी तुमचीच आहे.

खारू


२० एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

सासूबाई, जावईबापू, काडेपेटीतला दात, सगळे ठीक ना? समितीचं काय झालं? काकूनं मला चार दिवस शब्दावाचून ठेवलं. तिची जीभ गप्प बसते हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि कधी नव्हे ते बोलणी खावीशी वाटली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. चाचणीतून काढलं, ते रास्तच. सुई मात्र दर महिन्याला पुन्हा सुरू केली. गेलं ते फारसं परत येणार नाही, उरलंय ते टिकेल असं ते म्हणाले. तक्तेवाल्या बाई आता उजव्या डोळ्यावर पट्टी दाराबाहेरच बांधतात आणि हाताला धरून आत नेतात, जशी लग्नातली नवरी. वरचं एक मोठं अक्षर दिसलं. दुसऱ्या ओळीला दिसत नाही म्हणालो. चाचणी सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदा म्हणालो. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.

तू पाहिलंस आणि बोलली नाहीस, हे ओझं तू वाहू नकोस. ओळ मी वाकडी लावली होती, तपासणाऱ्याला किती दोष द्यायचा? पण तू कबूल केलंस म्हणून मला जरा श्वास घेता आला, हेही खरं.

हे पत्र दोन्ही डोळे उघडे ठेवून लिहिलंय, ओळी सरळ असतील. तुझं उत्तर आलं की काकू वाचून दाखवते म्हणते. मी नको म्हटलं. ऐकलं की माझं पाठ होतं. आधी उजवा झाकून बघणार आहे, आणि एकच शब्द दिसला तर एकच दिसला असं कळवणार आहे. तेव्हा अक्षर मोठं काढ, शाई काळी घे, आणि लवकर लिही.

तुझा काका