तुम्ही आवळलेला शेवटचा नट

अहो,

सुटला! तुमचा तो नट आज सुटला! संदीपला कळवायला फोन केला, तर म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे." मग म्हटलं, ज्यांनी आवळला त्यांनाच सांगावं. तिकडं वर कुणाच्या खुर्चीचे स्क्रू आवळत बसला असाल, तर घटकाभर पाना खाली ठेवा आणि हे वाचा.

तुम्ही थंडीत गेलात, तेव्हापासून गाडी फाटकाशी उभी ती उभीच. पावसाळ्यात मागचं चाक हवा जाऊन बसलं. संदीप पुण्याहून एकच धोशा लावून, "भंगारात देऊन टाक." परस्पर माणूस ठरवूनही मोकळा झाला, उद्या रविवारी क्रेन घेऊन येणार होता. आणि इकडं मी गुपचूप गाडी शिकून लायसन काढलेलं! हो, मी! पडेगावात कुणी हसू नये म्हणून पार गारखेड्याच्या क्लासला जात होते. तुम्ही काय, "शिकवतो की, आधी रिटायर तर होऊ दे," मग "आधी हे ऑपरेशन तर होऊ दे." तुमच्या त्या 'आधी'ला कधी अंत होता का?

संदीपला म्हटलं, गाडी मी चालवणार. तो हसला. म्हणाला, "रविवारपर्यंत जागची हलली, तर ठेव." हलायची तर चाक बदलायला हवं, आणि चाकाला तुमचे नट!

अहो, माणसानं किती आवळावं? कचेरीतल्या फायलींच्या नाड्या अशा बांधायचात की साहेब कात्री मागवायचे. एका वर्षी लोणचं खायला बरणी फोडावी लागली, आठवतं? तरी तुमचं आपलं, "ढिलं ठिवलं की पडतंय."

दसऱ्याला गाडी धुवावी, पाने-हातोडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहावं, इथपर्यंत सगळी दुनिया करते. तुम्ही पूजेआधी चारी चाकांचे नट पान्याला पाइप लावून आवळायचात आणि वर फाटकाचा उरलेला चंदेरी रंग फासायचात. "गंज नाय धरत. आन् दिसतं बी लई भारी!" दरवर्षीचा थर वेगळा. पंक्चरवाला आला, बघतच राहिला. "काकू, हे नट हायेत का मोदक?"

तीन नट त्यानं कसेबसे काढले. चौथ्याचे कोपरे पार झिजून गोल झालेले. पाना लावला की नुसता गरागरा फिरायचा. "ह्याला कोपराच नाय, पाना धरणार कशाला?" म्हणून तो हात झटकून गेला.

मग तुमचे संध्याकाळच्या चहाचे जोडीदार, शेजारचे शेखभाई मैदानात उतरले. आधी रॉकेल पाजलं. मग हातोडीनं ठोकलं. नट ढिम्म. "भाभी, साब नट नै कसे, दौलताबाद का दरवाजा बंद करके गए!" शेवटी आज त्यांनी छावणीच्या बाजारातून पान्याची एक माप लहान गोटी आणली, नटावर टोपीसारखी बसते ती, त्या गोल डोक्यावर ठोकून ठोकून बसवली, तिच्या दांड्यावर आपला बोअरचा जुना पाइप चढवला आणि स्वतः पाइपवर उभे राहिले. शेखभाईंच्या अंगात उत्साह भरपूर, मांस कमी. ते वर उड्या मारतायत आणि पाइप लहान पोराला खेळवावं तसा त्यांना खेळवतोय!

तेवढ्यात त्यांची बायको नसीम ओरडली, "अजी उतरो! नल आया!" आठवड्यानं आलेलं पाणी! नट गेला खड्ड्यात. ज्याच्या हाताला जी बादली लागली ती घेऊन आम्ही पळालो.

भांडी भरून परत आलो, तर शेखभाई घाईघाईत पाइप उलट्या बाजूला लावून त्यावर चढले. कट्ट! "या अल्ला! उलटा हो गया भाभी, और कस दिया!"

मी मटकन पायरीवर बसले. संपलं, म्हटलं, उद्या क्रेन येणार. आणि अहो, तेव्हा तुमचा आवाज आठवला. "अडकलेलं सोडायचं आसंल तर आदी जरा आवळावं. मग ऐकतंय ते." भांडताना तरी दुसरं काय करायचात? आधी "नाय म्हंजी नाय" म्हणून आवळायचं आणि चहा होईस्तोवर सोडायचं!

पाइप सरळ बाजूला लावायला सांगितला. म्हटलं, "शेखभाई, बाजूला व्हा. मी चढते." नसीमच्या खांद्याला धरलं आणि चढले. स्कूटरवर मागं बसताना "थांब, टायरात हवा भरून आणतो" म्हणायचात ना? घ्या! त्याच वजनापुढं नट किंचाळला आणि फिरला. शेखभाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

नट हातात घेतला तेव्हा मी तुमच्या ताकदीला नावं ठेवतच होते. शेखभाई बघून म्हणाले, "पाना फिसला ना भाभी, तब ऐसा गोल होता. हाथ में जोर नै रैता, तब फिसलता."

रंगाखाली ओरखडे होते. एक नाही, कितीतरी.

गेल्या दसऱ्याला डॉक्टरांनी तुम्हाला बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं होतं. मी झेंडू आणायला गेले. आले तर तुमच्या बोटांची सालं निघालेली. "फाटकाला लागलं," म्हणालात. मी हळद लावली.

फाटकाला नव्हतं लागलं ना हो? कितीदा घसरला पाना? आणि मी यायच्या आत वरून रंग फासून मोकळे झालात! एक हाक मारायची होती. हाच पाइप, हेच वजन, तेव्हाही घरातच होतं की!

फार राग आला मला तुमचा. रडलेही, नसीमच्या ओढणीत.

दुसरं चाक चढवलं. नवा नट लावला. शेखभाईंनी बॅटरीला तारा जोडून दिल्या आणि मी गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. एकदाच बंद पडली. संदीपला फोटो पाठवला. त्यानं क्रेनवाल्याला नको म्हणून कळवलं. तुमचा नट देवघरात ठेवलेला नाही, तुम्ही काही एवढे देव नव्हतात. चहाच्या डब्याशेजारी ठेवलाय, तिथं रोज हात जातो.

आता दसरा जवळ आलाय. पाने पाटावर मांडीन, हळदकुंकू वाहीन. रंग मात्र लावणार नाही, आधीच सांगते. नट मीच आवळीन, बसेल तेवढाच. आणि आवळताना माझा हात घसरला, तर "फाटकाला लागलं" म्हणणार नाही. कुणाला तरी हाक मारीन.

तुमची,
सुनंदा