रिकाम्या खुर्च्या आणि माझी ताई

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, व्यवसाय चित्रकार, छातीने निकामी पण डोक्याने खणखणीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जे दबाव आणायला आले होते, त्यांचा समाचार पाचव्या कलमात घेतला आहे.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि घरातली माझी सर्व चित्रं (पाचव्या कलमातलं एक सोडून) माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, पूर्ण मालकीहक्काने मिळावीत. तिचा नवरा गेल्यापासून ती माझ्याजवळ आहे. तिला माझी चित्रं आवडत नाहीत. "रिकाम्या खोल्या, रिकाम्या खुर्च्या! एखादं माणूस बसव की गं," असं ती म्हणत आली आहे. तिने ती विकावीत नाहीतर गळक्या छताखाली लावावीत. कोणी तिला अक्कल शिकवू नये.

२. कलादालनाच्या मालकाला काहीही मिळू नये. मी माणसाचं तोंडही न पाहता एकटी राहते, असं त्याने माहितीपत्रकात छापलं. एकटेपणा खपतो म्हणे. गिऱ्हाइकं घरी आली की ताईला "तुम्ही जरा आत बसा" म्हणायचा. एकदा मी तिला मुद्दाम बाहेर बोलावलं, तर या शहाण्याने "घरकाम बघणाऱ्या बाई" अशी तिची ओळख करून दिली. मी म्हटलं, "ही माझी सख्खी बहीण. तुम्ही आमचे कोण?" त्या दिवशी एकही चित्र विकलं गेलं नाही. जेवण मात्र गोड लागलं.

३. समीक्षक महाशयांनी माझ्या अंतर्विश्वावर जाडजूड पुस्तक लिहिलं. माझ्या चित्रातल्या ज्या काळ्या चौकोनाला ते 'मृत्यूचं मिटलेलं दार' म्हणतात, ती आमच्या न्हाणीघराची खिडकी आहे. काच फुटली म्हणून ताईने पुठ्ठा ठोकला होता. तो त्यांना द्यावा. मृत्यूबद्दल मला जे काही कळलं, ते खोकल्याची उबळ आल्यावर, पाठीवर ताईचा हात असताना. ते त्यांनी कधी विचारलं नाही.

४. धाकट्या भावाला माझ्या रंगांच्या वासाने भोवळ यायची. चित्रांना भाव आल्यावर प्रकृती सुधारली. त्याला टर्पेंटाइनची उरलेली बाटली द्यावी.

५. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी ताईला खुर्चीत बसवलं आणि जन्मात पहिल्यांदा माणूस काढलं. काल दालनवाला तयार कागद घेऊन आला: माझ्यामागे सगळी चित्रं त्याची. ताईचं चित्र बघून म्हणाला, "ह्या बाईंवर रंग फिरवा. नुसती खुर्ची राहू द्या, लोक तुम्हाला त्यावरूनच ओळखतात."

ताई दारातच होती. म्हणाली, "फिरव बाई. तुझं नाव राहील."

मी त्याच्या कागदाला ब्रश पुसला आणि त्याला जिना दाखवला.

मग ताई बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली. मला वाटलं, रडतेय.

"नाक केवढं काढलंस गं!"

नाक तेवढंच आहे. हे चित्र ताई असेपर्यंत घरात राहावं. नंतर सार्वजनिक संग्रहालयाला द्यावं, ते घेत असतील तर. खाली 'माझी ताई' एवढंच लिहावं. तिच्यावर कोणीही, कोणत्याही सबबीवर रंग फिरवू नये. नाकाबाबत खुद्द तिचीही तक्रार ऐकली जाणार नाही.

ठिकाण: राहतं घर, उजेडाची खोली.
दिनांक: बारा फेब्रुवारी.
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) आमचे डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. आत्ताच माझ्यावर ओरडल्या.
२. (सही) खालच्या मजल्यावरची शिंपीण.

ताईलाच सगळं मिळतंय म्हणून साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही. ती हिरमुसली आहे.